मध्य प्रदेशाशी आमचं भांडण नाही

भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जेवायला जातो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि गुजरातलाही ठाऊक आहे. आमच्या घरात मात्र यंदा बहीण शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीहून निघाली, भाऊ छोटा उदेपूरकडून निघाला आणि दोघं नर्मदेच्या धरणाच्या फुगवट्यावर, ऐन पाण्यात, दोन वेगळ्या होड्यांत बसून, अंगात नारिंगी जॅकेटं घालून भेटले. मी तिथे हजर होतो. मला पोहता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जो काही वागलो त्याबद्दल तुम्ही मला फार बोल लावणार नाही.

बहीण म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच राहतात. लहानथोर सगळे त्यांना जिजी म्हणतात, मीही म्हणतो. भाऊ म्हणजे मोहनमामा. जिजींपेक्षा बरेच लहान, त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेले. माहेर निझरकडचं, म्हणजे तापीकाठचंच, पण हद्दीपलीकडचं, गुजरातेतलं. आमच्या गुजर समाजात याचं कोणाला काही वाटत नाही. सोयरीक जमवताना राज्य कोणी विचारत नाही, केळी किती एकरांत आहे ते विचारतात.

भांडण माझ्या लग्नात झालं. माझा त्यात काडीचा संबंध नव्हता, पण अकरा वर्षं झाली, घरात कोणी 'तवय भांडण झालं' म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मामा मोसाळं घेऊन आले होते, म्हणजे भाचीच्या लग्नात मामाकडून येतो तो आहेर. साड्या, भांडी, वाजतगाजत. सगळं छान झालं. मग पंगत बसली. मामांनी डाळीचा एक घोट घेतला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बेन, डाळमा गूळ टाकाले इसरी गयी का?"

जिजी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमनाकडे डाळ शिजाडतस. शिरा नही."

आता एवढ्यावर कोणी तरी हसायचं आणि विषय संपवायचा की नाही? नाही. मामा ताटावरून उठले. "तुन्हा महाराष्ट्रमा मी परत पाय ठेवाव नही!" जिजींनी वाढपी पोराच्या हातातली पळी घेऊन वर केली. "मी बी तुन्हा गुजरातमा पाय ठेवाव नही!" अहो, भांडण डाळीचं होतं तर शपथ डाळीची घ्या. राज्यं कशाला ओढता मध्ये? पण ही माणसं शब्दाला पक्की. ज्यांचं काम हद्दीच्या अल्याडपल्याड सारखं पडतं त्यांनी असली शपथ घ्यायची म्हणजे स्वतःच्याच पायात बेडी घालून घेण्यासारखं आहे. पण ती त्यांनी पाळली. दर दिवाळीला मामा विपुलच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या हाती मिठाईचा डबा पाठवत. जिजी चष्मा लावून डब्यावरचं गुजराती लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत, "दख, यामा बी गूळ शे," म्हणत, आणि मग देवघरात पडदा ओढून एकट्याच ती मिठाई खात.

यंदा दसऱ्यानंतर विपुलचा फोन आला. मामा हल्ली त्याच्याकडेच छोटा उदेपूरला राहतात. मामांच्या हृदयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या. बडोद्याला मोठं ऑपरेशन, दिवाळी झाली की लगेच. वय आणि साखर दोन्ही जास्त, त्यामुळे डॉक्टरांनी जबाबदारीचं काही बोलायचं टाळलं होतं.

त्या दिवसापासून जिजींचं जेवणातलं लक्ष उडालं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. एकदा माझी बायको सुनंदा शेजारी जाऊन बसली, तर तिला म्हणाल्या, "तो गया ते मी ओवाळू कोनाले?" सुनंदा स्वयंपाकघरात येऊन रडली. मग डोळे पुसून कामाला लागली, कारण तिचा स्वभाव तसा आहे. तिने आईला सुचवलं, तू गुजरातेत पाय ठेवू नकोस, आपण तुला खुर्चीत बसवून गाडीतून उचलून थेट मामाच्या खोलीत नेऊ. जिजींनी यावर पूर्ण एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नही. मी काय गणपती शे का?"

तिकडे विपुलने मामांना स्ट्रेचरवर घालून ब्राह्मणपुरीला आणायचा घाट घातला. जमिनीला पाय लागणारच नाही. मामा म्हणाले, जिवंतपणी चार जणांच्या खांद्यावरून बहिणीच्या दारात गेलो तर ती जागच्या जागी जाईल. हद्दीवरच्या एका ढाब्यावर भेटायचंही निघालं होतं, पण तिथे खाटा कोणत्या राज्यात आणि चूल कोणत्या राज्यात यावरून विपुल आणि सुनंदाचंच फोनवर वाजलं.

शेवटी विपुलला फुगवटा सुचला. धडगावच्या डोंगरांमागे नर्मदेचं पाणी पसरलंय. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा काही गुजरातचा आणि वरच्या अंगाला मध्य प्रदेशाचा. तिथे आता हौशी लोकांना होडीतून दिवसभर फिरवतात. पाण्यावर कोणाला पाय ठेवता येत नाही, तेव्हा शपथ मोडायचा प्रश्नच नाही.

जिजींनी विचारलं, "पानी कोनं शे?"

"नर्मदामायनं," सुनंदा म्हणाली.

"मंग चालस."

काठ

शहाद्याहून धडगावचा घाट चढून पुढे काठापर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांना आपली पाठ प्रिय आहे त्यांनी त्याची चौकशी करू नये. इतकंच सांगतो की भरिताचा डबा माझ्या मांडीवर होता, आणि काठावर पोचलो तेव्हा त्यातलं थोडं भरीत माझ्या पँटवर होतं. डबे एकूण पाच होते. भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा, खापरावरचे मांडे, आणि एका डब्यात ओवाळणीचं तबक. डाळ नव्हती. दोन्ही बाजूंनी डाळ आणायची नाही आणि लग्नाचं नाव काढायचं नाही, असं विपुल आणि सुनंदाने फोनवर आठवडाभर घासाघीस करून ठरवलं होतं.

उतारावरून पहिल्यांदा ते पाणी दिसलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी पँटवरचं भरीत पुसायचं विसरलो. आमच्याकडे पाणी म्हटलं की तापी, बंधारा, मोटार, पाइप. माझं तर ठिबकचं दुकान आहे, मी पाणी थेंबाथेंबाने विकणारा माणूस. इथे डोंगरांच्या कमरेपर्यंत हिरवंगार पाणी भरलेलं, त्यातून कुठे वाळलेल्या झाडाचा शेंडा वर आलेला. डोंगरउतारावर पावरा आदिवासींची सुटीसुटी घरं, कुडाच्या भिंती, छपरांवर मक्याची कणसं वाळत घातलेली. आवाज कसलाच नाही. मला ते फार आवडलं. त्याच्यावर जायचंय हे आठवेपर्यंत आवडलं.

होडीवाले खेमजीभाऊ याच काठचे. त्यांचं जुनं गाव या पाण्याखाली गेलंय. पन्नाशीचा, हसऱ्या डोळ्यांचा, खांद्याला लाऊडस्पीकर लटकवलेला माणूस. होडीत त्यांनी मांडवातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या दोरीने बांधल्या होत्या आणि चारी बाजूंनी लग्नाची चमकी झालर लावली होती.

"मगर आहे का हो पाण्यात?" मी विचारलं.

"आहे ना. पण दिवाळीत दिसत नाही."

"आणि पाणी किती खोल?"

"लय. मोजायला गेला तो सांगायला परत नाही आला." आणि ते खो खो हसले. मी सोडून सगळे हसले.

मग जॅकेटांचा घोळ झाला. जिजींचा प्रश्न असा, की जॅकेट पदराच्या वरून घालायचं की पदराच्या आतून? आमच्याकडे सासू जावयासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नाही. जॅकेट वरून घातलं की पदर जखडायचा आणि मान वळली की घसरायचा. सुनंदा म्हणाली, "जिजी, बुडताना पदर कोण बघतं?" जिजी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "जवाई शे ना." शेवटी जॅकेट आतून आणि त्याच्यावरून पदर असा तोडगा निघाला. नारिंगी खांदे वर आलेल्या जिजी त्या झालरीखाली बसल्या तेव्हा मांडवात बसलेल्या वरमाईसारख्या दिसत होत्या. मांडीवर तबक, तबकावर रुमाल, रुमालावर दोन्ही हात.

होडी निघाली. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि संध्याकाळपर्यंत शक्यतो सोडायचे नाहीत असं ठरवलं. खेमजीभाऊंनी लाऊडस्पीकर सुरू केला. आम्ही चारच माणसं आणि त्यांचं तोंड माझ्या कानापासून हातभर अंतरावर, पण लाऊडस्पीकर हवाच. "डाव्या हाताला टेकडी! उजव्या हाताला टेकडी! खाली शाळा!" थोड्या वेळाने होडी हळू केली. "आता आपण माझ्या घरावरून चाललोय! चपला काढायची गरज नाही!"

सुनंदाने हात जोडले. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. खेमजीभाऊंना विचारलं, की वाईट नाही वाटत? त्यांनी लाऊडस्पीकर तोंडापासून बाजूला धरला. "वाटतं ना. आंब्याची झाडं होती तिथं. लय गोड." मग पुन्हा तोंडाला लावला. "समोर गुजरात! मागे महाराष्ट्र! वरच्या अंगाला एमपी!"

जिजी खुर्चीत ताठ झाल्या.

ऐन पाण्यात

पलीकडून एक निळी होडी येताना दिसली. ती खेमजीभाऊंच्या साडूची. तिच्यात विपुल उभा राहून हात हलवत होता आणि त्याच्या शेजारी, तसलंच नारिंगी जॅकेट घातलेले, गळ्यात टॉवेल टाकलेले मोहनमामा. मी त्यांना लग्नात पाहिलं होतं तेव्हा चांगला आडदांड माणूस होता. आता जॅकेटच मामांपेक्षा मोठं दिसत होतं.

दोन्ही होड्या जवळ आल्या, दोरीने एकमेकींना बांधल्या. अकरा वर्षांनी भाऊबहीण समोरासमोर. मध्ये वीतभर पाणी.

"कितला वाळी गया रे!" जिजी म्हणाल्या.

"आनि तू कितली जाडी व्हई गयी, बेन," मामा म्हणाले.

मग जिजींनी भावाची तपासणी सुरू केली. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना बघतात तशी. तोंड उघाड. जीभ दाखव. डोळ्याखालची कातडी ओढ. हात पुढे कर, नखं बघू दे. मामा निमूटपणे सगळं दाखवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिकडे लक्ष न देता जिजी म्हणाल्या, "नखं कापत नही का तू?"

विपुल म्हणाला, "फोई, तुम्ही आमच्या बोटीत या ना, इथे ऐसपैस आहे." फोई म्हणजे आत्या. जिजी उठणारच होत्या, पण तेवढ्यात त्यांची नजर निळ्या होडीच्या कडेवर गेली. तिथे मोठ्या अक्षरांत गुजरातीत काहीतरी रंगवलेलं होतं.

"ही होडी कोठली?"

"इकडचीच, गुजरातची."

"मंग तिना तळ बी गुजरातनाच," जिजी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"आनि ती तुमनी महाराष्ट्रनी," मामा लगेच म्हणाले. "मी बी तठे पाय ठेवाव नही."

होडीचा तळ ज्या राज्यात रंगवला त्या राज्याचा, की ज्या पाण्यावर आहे त्या पाण्याचा? यावर पुढे बराच वेळ चर्चा झाली. विपुलने मोबाइलवर नकाशा काढला. निळा ठिपका आधी गुजरातेत होता, मग होड्या थोड्या वाहिल्या आणि महाराष्ट्रात आला, मग रेंजच गेली. वाहता वाहता आम्ही सगळे वरच्या अंगाला सरकत होतो की खालच्या, तेही कोणाला कळेना. खेमजीभाऊ आणि त्यांचे साडू यांनी मध्यंतरी विड्या पेटवल्या होत्या. ते त्यांच्या बोलीत काहीतरी बोलत आणि हसत होते.

शेवटी ठरलं, की ओवाळायचं ते मधल्या पाण्यावरूनच. हात लांब करून. जिजींनी तबकावरचा रुमाल काढला. कुंकू, अक्षता, सुपारी, तुपाचं निरांजन. विपुलने काडी पेटवली. वारा आला, काडी विझली. दुसरी पेटवली, वात लागली, जिजी उठून उभ्या राहिल्या, त्याबरोबर होडी एका अंगाला कलली. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही, सासूबाईंसमोर तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. एक लाल खुर्ची दोरीतून निसटून पाण्यात गेली आणि शांतपणे मध्य प्रदेशाच्या दिशेने निघाली. निरांजन विझलं.

परत लावलं. परत विझलं. सुनंदाने पदराचा आडोसा केला, विपुलने जॅकेटाचा, मी एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्या हाताने भाकरीच्या डब्याचं झाकण आडवं धरलं. ज्योत क्षणभर उभी राहायची, जिजी हात पुढे करायच्या, आणि पाण्यावर येताच ती जायची. पाचव्यांदा विझलं तेव्हा जिजींनी तबक मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं, सगळ्यांनाच समजलं. भावाला ओवाळताना दिवा विझला, आणि भाऊ चार दिवसांनी टेबलावर छाती उघडून पडणार.

"वारा शे, बेन," मामा हळूच म्हणाले. "वाराघाई इझना."

"आठे नही," जिजी म्हणाल्या. "जमीनवर. जमीनवर ओवाळसू. तेनाशिवाय तू जाऊ नको."

"कोणत्या जमिनीवर?" विपुलने विचारलं. तो काठ हिला वर्ज्य, हा काठ त्याला. होड्या डुलत होत्या. जमीन हा शब्द ऐकून माझा सगळा जीव त्या शब्दात गोळा झाला आणि मी किंचाळलो, "मध्य प्रदेश!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अहो, मध्य प्रदेश! तिथे ना तुम्ही शपथ घेतलीय ना मामांनी! मध्य प्रदेशाशी आपलं काय भांडण आहे?"

जिजींनी हे मनापासून तपासून पाहिलं. तिकडे कोण कोण आहे ते आठवलं. "इंदूरले सुमन शे."

"तिच्याशी काही वाजलंय का?"

"नही. ती बिचारी चांगली शे."

"मंग चला," मामा म्हणाले. अकरा वर्षांत माझ्या सासुरवाडीत माझं म्हणणं पहिल्यांदाच कोणी ऐकलं होतं.

पलीकडचा काठ

"एमपी पाहिजे?" खेमजीभाऊ म्हणाले. "बसा. एमपी लावतो." लाऊडस्पीकर बंद करून त्यांनी इंजिन सुरू केलं. वाटेत ती लाल खुर्ची तरंगताना सापडली, ती उचलून घेतली. मी दोनदा विचारलं, की हे नक्की एमपीच ना? ते दोन्ही वेळा "हा, एमपी" म्हणाले. मला वाटतं मी बिहार मागितला असता तरी ते "हा, बिहार" म्हणाले असते. काठाला लावायला जिथे उतार बरा, तिथे त्यांनी होडी लावली.

सर्वांत आधी मी उतरलो आणि गुडघाभर चिखलात गेलो. पण जमीन होती ती. मी तिथेच उभा राहून दोन मिनिटं नुसता तिचा आनंद घेतला. मग मान वर केली. थोड्या चढावर एक मोठं मोहाचं झाड होतं, सावली दाट, वारा अडेल अशी जागा. झाडाखाली तीन बकऱ्या. आणि झाडाशेजारी, लोखंडी खांबावर, एक पाटी.

गुजरातीत. पाणी ऊंडुं छे, न्हावा उतरवुं नहीं. म्हणजे पाणी खोल आहे, अंघोळीला उतरू नये.

माझ्या पायातला चिखल गार पडला. मागे वळून पाहिलं तर विपुलनेही पाटी वाचली होती आणि तो माझ्याकडे डोळे फाडून बघत होता. सुनंदाने वाचली आणि तोंडावर हात ठेवला. जिजी अजून होडीत होत्या, पदर सावरत, तबक सांभाळत. आम्ही तिघं असे उभे, की बोलावं तर दिवा राहिला, न बोलावं तर म्हातारीची शपथ गेली. मी खेमजीभाऊंकडे बघितलं. ते आकाशाकडे बघत होते.

तोवर मामा निळ्या होडीतून उतरून चढ चढत होते. दोन पावलं, दम, दोन पावलं, दम. विपुल आधाराला गेला तर त्याला हाताने बाजूला केलं. पाटीपाशी पोचले, तिच्याकडे एकदा पाहिलं, गळ्यातला टॉवेल काढला, मोठ्याने म्हणाले, "पुरा वल्ला व्हई गया," आणि तो झटकून, नीट दोन्ही टोकं ओढून, त्या पाटीवर वाळत घातला. एक अक्षर दिसेना.

खेमजीभाऊंनी जिजींना हात धरून पुढे आणलं. त्यांनी एक पाय होडीबाहेर काढला आणि तसाच हवेत धरला.

"एमपी शे ना?"

मी वाकून पँटवरचा चिखल झटकायला लागलो.

"एमपी, बेन," झाडाखालून मामा म्हणाले. "पक्कं एमपी. दख, बकऱ्या बी हिंदीमा वरडी ऱ्हायन्यात."

जिजींनी भावाकडे पाहिलं. बकऱ्यांकडे पाहिलं. टॉवेलाकडे पाहिलं. आणि पाय खाली ठेवला.

झाडाखाली वारा नव्हता. निरांजन पहिल्याच काडीत लागलं आणि ज्योत अशी उभी राहिली, जणू तिला दुसरं कामच नव्हतं. पाट नव्हता म्हणून मामांना त्या लाल खुर्चीत बसवलं. जिजींनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. ओवाळतच राहिल्या. तीनदा ओवाळायचं असतं, पण त्या थांबेनात आणि थांबवायची हिंमत कोणाला झाली नाही. शेवटी तबक खाली ठेवलं, भावाचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडल्या. "मोहन, तू मरू नको रे."

"कोन मरी ऱ्हायना?" मामांचा आवाज जॅकेटात अडकला होता. "मरना व्हई ते तुन्हा ठेचाघाई मरसू, ऑपरेशनघाई नही."

मीही रडलो. सुनंदाही, विपुलही. खेमजीभाऊंच्या साडूने नाक शिंकरलं.

मग डबे उघडले. जिजींनी पहिला घास भावाला स्वतःच्या हाताने भरवला. तिकडून थेपले, खमण आणि गुळाची सुखडी आली होती. आमच्या भरितावर त्यांची सुखडी हे काही मिश्रण नाही, पण त्या दिवशी ते खपलं. मामांनी डॉक्टरांना न विचारता मांडे खाल्ले. तेवढ्यात वरून एक बाई बकऱ्या न्यायला आली, आम्हाला बघून थांबली आणि चांगल्या गुजरातीत विचारू लागली, की तुम्ही कुठून... पुढचा शब्द निघायच्या आत सुनंदा धावली आणि तिच्या हातात दोन मांडे, तिसरा जवळजवळ तोंडातच कोंबला. बाई चकित झाली, खात खात गेली. मी जिजींकडे पाहिलं. त्या मामांच्या ताटात भरीत वाढत होत्या, त्यांना काही ऐकू गेलेलं दिसलं नाही.

निरोप घेताना मामांनी पाटीवरचा टॉवेल काढला नाही, विपुलला म्हणाले, "राहू दे तो." निळी होडी लहान लहान होत गेली. जिजी तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, बघवत नसेल. परतीच्या वाटेवर खेमजीभाऊंनी लाऊडस्पीकर लावला नाही. आपल्या घरावरून जाताना होडी मात्र पुन्हा हळू केली.

घाटात जिजींना झोप लागली. सुनंदा आणि मी कुजबुजत ठरवलं, की हे आयुष्यात कोणी त्यांना सांगायचं नाही. म्हातारीने अकरा वर्षं पाळलेला शब्द आपण मोडायला लावला, तिला कळलं तर धक्का बसेल. सुनंदा म्हणाली, "पण दिवा तर लागला ना?" मी म्हटलं, "लागला."

ब्राह्मणपुरी

ऑपरेशनच्या दिवशी घरात चूल पेटली नाही. जिजी देवापुढे, सुनंदा फोनपाशी, मी दोघींच्या मध्ये येरझाऱ्या घालत. दिवस कलला तेव्हा विपुलचा फोन आला की बाहेर आणलं, बरं आहे. जिजी उठल्या आणि सगळ्या घराला झाडू मारला.

काही दिवसांनी मामांना बोलायची परवानगी मिळाली. विपुलने फोन त्यांच्या कानाला लावला, सुनंदाने आमचा स्पीकरवर टाकून जिजींसमोर धरला. अकरा वर्षांत फोनवर हे दोघं पहिल्यांदाच बोलणार होते. मला वाटलं, आता रडारड होणार.

जिजींनी घसा साफ केला. "मोहन, तुन्हा टॉवेल सुकना का रे?"

सुनंदाने माझा हात घट्ट धरला. पलीकडून मामांचा बारीक आवाज आला. "बेन... तो कोरडाच व्हता."

"माले म्हाईत शे. मी चौथीपर्यंत गुजरातीमा शिकेल शे. तवय तू नुसत्या पाट्या फोडे."

मामा हसायला लागले, मग कळवळले. "हसाडू नको, टाका दुखतस." मग त्यांना हसू आवरेना आणि कळही सोसेना, आणि मागून नर्सबाई ओरडल्याचा आवाज आला.

"मी पाय ठेवी दिना," जिजी म्हणाल्या. "आते तुन्ही बारी."

"येसू, बेन. चालता येवू दे, पहिला पाय तुन्हा दारमा ठेवसू."

"दख हां. शब्द दिना तू."

सुनंदाने फोन बंद केला. आम्ही दोघं जिजींकडे बघत राहिलो. त्या उठल्या, पदर खोचला, स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडल्याचा, झाकल्याचा आवाज आला, एक डबा, दुसरा डबा. मग आतून हाक आली.

"सुनंदा, घरमा गूळ शे का?"